हातमोजे टाकायची नोकरी

आइस हॉकीत स्टिक चुकून वर गेली आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं, तर चार मिनिटांची पेनल्टी बसते. हेतू होता की नव्हता, कुणी विचारत नाही. डोकं हेरून खांद्यानं धडक देणं हा एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक लीगमध्ये, २०१० पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आणि हातमोजे बर्फावर टाकून, डाव्या मुठीत समोरच्याची जर्सी धरून, उजव्या उघड्या मुठीनं त्याच्या जबड्यावर आठ-दहा ठोसे हाणले तर? पाच मिनिटं. तीही दोघांना सारखीच, त्यामुळे दोन्ही संघ पूर्ववत पाचास पाच खेळत राहतात आणि गोलफलकावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसून दोघे पुन्हा खेळायला मोकळे.

या मारामारीला बंदी असावी का, हा वाद उत्तर अमेरिकेत कित्येक दशकं चालू आहे, आणि तो जवळजवळ नेहमी परंपरेच्या अंगानं होतो. एक बाजू म्हणते हा खेळाचा आत्मा आहे, दुसरी म्हणते हा रानटीपणा आहे. मला दोन्ही बाजू मूळ मुद्दा चुकवताना दिसतात. मारामारी ही एनएचएलमध्ये एक नोकरी आहे. ती काही ठरावीक माणसांच्याच वाट्याला येते, त्या नोकरीचा लाभ क्लबला होतो आणि तिचा खर्च त्या माणसाच्या मेंदूतून वसूल होतो. म्हणून बंदी हवीच; पण तिचा भुर्दंड क्लबवर पडणार नसेल, तर ती बंदी अर्धवट ठरेल.

नोकरी म्हणजे नेमकं काय, ते संघाच्या हिशेबातून कळतं. क्लबला २३ खेळाडू पटावर ठेवता येतात. सामन्याला त्यांपैकी २० उतरतात: १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन आणि २ गोलकीपर. बारा फॉरवर्ड म्हणजे तिघातिघांच्या चार लाईन. पहिल्या लाईनचा खेळाडू साठ मिनिटांच्या सामन्यात वीस मिनिटं बर्फावर असतो. चौथ्या लाईनवरच्या एन्फोर्सरला, म्हणजे मारामारीसाठीच ठेवलेल्या खेळाडूला, चार-पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. पगार दिवसावर मोजला जातो. २०२५-२६ पर्यंत किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. हंगामाच्या साधारण १९० दिवसांनी भागलं तर रोजचे चार हजार. याच खेळाडूचा करार टू-वे, म्हणजे दोन लीगसाठी दोन दरांचा असेल, तर खालच्या पायरीवरच्या एएचएल लीगमध्ये धाडल्या दिवसापासून त्याचा दर वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. वर-खाली करणं क्लबच्या हातात. अशा माणसाला प्रशिक्षकानं ‘जा, भांड’ असं तोंडानं सांगावं लागत नाही. पुढच्या शिफ्टला, म्हणजे बर्फावर उतरायच्या पाळीला, त्याच्या खांद्यावर थाप पडते, समोर कोण उभा आहे ते त्याला दिसतं, बाकीचं त्याला समजतं.

बर्फावरची मारामारी बॉक्सिंगसारखी नसते. पायाखाली स्केट आहेत, जमिनीचा आधार नाही, त्यामुळे ठोशात कंबरेचं बळ आणायचं तर आधी समोरच्याला धरावं लागतं. अनुभवी एन्फोर्सर पहिल्या सेकंदात समोरच्याची ठोसा मारणारी बाही कोपराजवळ किंवा खांद्याजवळ पकडतो. ती पकड मिळाली की अर्धी मारामारी जिंकली. जर्सी डोक्यावरून ओढून हात अडकवायची जुनी युक्ती होती. ती थांबवण्यासाठी जर्सीच्या आत मागे एक पट्टा असतो, तो पँटला अडकवावा लागतो. पट्टा न बांधता भांडणात जर्सी निघाली तर खेळाडू सामन्याबाहेर. भांडणाआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर २०१३ पासून दोन मिनिटं जादा. यामुळे डोकं थोडं वाचतं आणि हात मोडतात: कडक प्लास्टिकवर आणि व्हायझरवर, म्हणजे हेल्मेटच्या पारदर्शक पडद्यावर, उघडी बोटं आदळून सांधे फुटतात, कातडी सोलते, टाके पडतात, आणि चार दिवसांनी पुढचा सामना असतोच. वेदनाशामक गोळ्यांची सवय लागते ती बहुतेकदा या हातांपासून आणि खांद्यांपासून.

खरा धोका मात्र पडण्यात असतो. दोन्ही लाईन्समन, म्हणजे सहायक पंच, मध्ये शिरतात ते बहुधा दोघं एकमेकांना घट्ट बिलगल्यावर किंवा एक जण खाली गेल्यावर. तोवर उशीर झालेला असू शकतो. डिसेंबर २००८ मध्ये ऑन्टारिओतल्या एका सिनिअर सामन्यात व्हिटबी डनलॉप्सचा २१ वर्षांचा डॉन सँडरसन भांडताना हेल्मेट निघून मागे पडला, डोकं बर्फावर आपटलं. २ जानेवारी २००९ ला तो गेला. १ ऑक्टोबर २०१३ ला मॉन्ट्रियलच्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात जॉर्ज पॅरोस टोरांटोच्या कोल्टन ऑरशी भांडत होता. पॅरोसचा ठोसा हुकला, तोल गेला, हनुवटी थेट बर्फावर आदळली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. प्रिन्स्टनमधून अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस २०१७ पासून एनएचएलच्या खेळाडू-सुरक्षा विभागाचा प्रमुख आहे. त्याच्या विभागाचं काम धोकादायक धडकांना शिक्षा देणं.

या नोकरीचा पूर्ण आलेख बघायचा तर डेरेक बूगार्डचा बघावा. सस्कॅचेवानमधला सहा फूट सात इंचांचा मुलगा. पश्चिम कॅनडाच्या ज्युनियर लीगनं त्याला उचललं ते कौशल्य बघून नव्हे. एका सामन्यात तो प्रतिस्पर्ध्यांच्या बाकात घुसून एकटा सगळ्यांशी भांडला होता. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेऱ्यांत, मिनेसोटानं त्याला सातव्या फेरीत, २०२ व्या क्रमांकावर घेतलं. एनएचएलमध्ये २७७ सामने, ३ गोल, ५८९ पेनल्टी मिनिटं. २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी या आकड्यांच्या माणसाला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर दिले. तीन गोलांना कुणी इतके पैसे देत नाही, तेव्हा क्लब काय विकत घेत होता हे सांगायला नको. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओटावात झालेली मारामारी त्याची शेवटची ठरली. १३ मे २०११ ला दारू आणि ऑक्सिकोडोन यांच्या मिश्रणानं तो वयाच्या २८ व्या वर्षी गेला. बॉस्टन विद्यापीठानं त्याचा मेंदू तपासला, तेव्हा सीटीई सापडला: डोक्याला वारंवार बसलेल्या मारातून होणारी मेंदूची झीज, जिचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. तेही अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याच ऑगस्टमध्ये रिक रिपियन, वय २७, आणि वेड बेलाक, वय ३५, हे आणखी दोन एन्फोर्सर गेले. त्याआधी बॉब प्रोबर्ट, त्यानंतर स्टीव्ह माँटाडोर. दोघांच्याही मेंदूत सीटीई होता.

‘ते स्वभावानंच भांडखोर होते’ हे ऐकायला सोपं वाटतं. रॉबिन बावाचं उदाहरण त्यावर पुरेसं आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला हा मुलगा १९८९ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून उतरला आणि एनएचएलमध्ये खेळणारा पहिला भारतीय वंशाचा खेळाडू ठरला. कॅमलूप्सकडून ज्युनियरच्या शेवटच्या हंगामात त्यानं पन्नासहून अधिक गोल केले होते. पण व्यावसायिक हॉकीत त्याच्यासाठी जी जागा रिकामी होती ती धिप्पाड, दांडगा फॉरवर्ड म्हणून. चार क्लब मिळून ६१ सामने त्याच्या वाट्याला आले. गोल करणारा मुलगा ठोसे मारायला लागतो तो पटावरची जागा टिकवायला. पहिल्या दोन लाईन भरलेल्या असतात आणि चौथीवर गोलांना भाव नसतो.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण बंदीवाले ती अनेकदा गिळून टाकतात. मारामारी थांबली म्हणून हॉकीतला सीटीई थांबणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या गटानं ७७ मृत हॉकीपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळलेल्या प्रत्येक जादा वर्षामागे सीटीई असण्याचा संभव ३४ टक्क्यांनी वाढत होता. त्यात भांडणारे होते आणि न भांडणारेही. धडका, बोर्डवर म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर आदळणं, पडणं, सगळ्याचा वाटा त्यात आहे. एनएचएलमध्ये खेळलेला जुझार खैरा हे जिवंत उदाहरण: मार्च २०२१ मध्ये तो एका मारामारीत ठोसा लागून कोसळला, उठताना पुन्हा पडला; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेकब ट्रूबाच्या धडकेनं बेशुद्ध होऊन स्ट्रेचरवर गेला. त्या धडकेला रेफरींनी पेनल्टीसुद्धा दिली नाही.

तरीही फरक उरतोच. धडक हा पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, मिळवण्याच्या झटापटीचा भाग आहे, ती काढली तर खेळ बदलतो. मारामारीच्या वेळी घड्याळ थांबलेलं असतं. पक कुठे आहे, कुणाला पत्ता नसतो. खेळ बंद असताना होणारी इजा खेळाची अपरिहार्य किंमत कशी म्हणायची? कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६७ ते २०२२ मधल्या सहा हजारांवर एनएचएल खेळाडूंची माहिती तपासली. एन्फोर्सर इतरांपेक्षा जास्त संख्येनं मेले असं दिसलं नाही, पण जे मेले ते त्यांच्याच वयाच्या, तुलनेच्या खेळाडूंपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी, आणि त्यांच्यात अमली औषधं व आत्महत्या ही कारणं अधिक होती.

लीगला हे ठाऊक नाही असं म्हणायलाही जागा नाही. एनएचएलची कन्कशनची, म्हणजे डोक्याच्या मारानं मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची, नियमावली बघा. खेळाडू उठायला वेळ लावतोय किंवा डोकं धरतोय एवढ्यावर त्याला बाहेर काढत नाहीत. त्यासाठी आघात विशिष्ट प्रकारचा असावा लागतो. खांद्याचा डोक्याला मार, डोकं बर्फावर आपटणं, आणि तिसरा प्रकार: मारामारीत हातमोजा नसलेल्या मुठीचा ठोसा. म्हणजे लीगचे डॉक्टर ज्याला कन्कशनचं कारण म्हणून लिहून ठेवतात, त्यालाच लीगचे रेफरी दोन पावलं मागे सरकून जागा करून देतात. न्यायालयात मात्र सूर वेगळा. डोक्याच्या दुखापतींबद्दल माजी खेळाडूंनी लीगवर भरलेला खटला जुलै २०१८ मध्ये सामूहिक दावा म्हणून नाकारला गेला आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली: ३१८ खेळाडूंसाठी १ कोटी ८९ लाख डॉलर, हातात प्रत्येकी सुमारे २२ हजार, शिवाय तपासण्या आणि पात्र ठरलेल्यांना उपचाराची मर्यादित रक्कम. जबाबदारी लीगनं स्वीकारली नाही. त्या २२ हजारांत किमान पगाराच्या खेळाडूचे सहा दिवसही भरत नाहीत.

समर्थकांचा सर्वांत जुना मुद्दा असा की एन्फोर्सर हा पोलीस आहे. तो नसेल तर स्टार खेळाडूंना कुणीही लोळवेल आणि स्टिकचे वार वाढतील. हे खरं असतं तर ऑलिम्पिकमध्ये आणि अमेरिकन कॉलेज हॉकीत रक्ताचा सडा पडला असता. कॉलेजमध्ये मारामारीला हकालपट्टी आणि पुढचा सामना बंद; तिथून आलेले खेळाडू एनएचएलमध्ये आज जवळपास तिसरा हिस्सा आहेत, आणि ते हातात स्टिक घेऊन एकमेकांचे गळे कापत मोठे झालेले नाहीत. महिलांच्या पीडब्ल्यूएचएलमध्येही भांडलात की बाहेर. खेळ मात्र चांगलाच अंगावर येणारा आहे. आणि सगळ्यांत बोलका पुरावा एनएचएलच्याच प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा. विजेतेपदाचा स्टॅनली कप पणाला लागला की मारामाऱ्या एकदम रोडावतात, एन्फोर्सरला सूट घालून प्रेक्षकांत बसवतात. पोलिसाची गरज सर्वांत जास्त तिथेच असायला हवी होती ना?

पोलीसगिरीचा दुसरा दोष असा की ती गुन्हा झाल्यावर आठवड्यांनी, जाहिरात करून होते. मार्च २०२४ मध्ये रेंजर्सच्या मॅट रेम्पीनं न्यू जर्सीच्या योनास सीगेनथालरच्या डोक्याला कोपर मारलं; लीगनं चार सामन्यांची बंदी घातली. तिथे विषय संपायला हवा होता. ३ एप्रिलला हे संघ पुन्हा भेटले, दोन्ही प्रशिक्षकांनी दांडगटांनाच सुरुवातीला उतरवलं, आणि पक पडताक्षणी दहाही जणांनी हातमोजे टाकले. आठ खेळाडू बाहेर गेले. ज्याच्या डोक्याला लागलं होतं त्याला यातून काय मिळालं, हे कुणी सांगू शकलेलं नाही. प्रेक्षक उभे राहून ओरडत होते, ते मात्र खरं.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार: मारामाऱ्या आपोआप मरत चालल्यात, मग नियम कशाला? २००८-०९ मध्ये सातशेहून अधिक झाल्या होत्या. २००५ पासूनच्या पगार मर्यादेमुळे तीन गोलांच्या माणसावर पैसे घालवणं परवडेनासं झालं, खेळ वेगवान झाला, आणि दहा वर्षांत आकडा अडीचशेच्या खाली आला. पण त्यानंतर तो शून्याकडे गेला नाही. तीनशेच्या आसपास रेंगाळतोय. रेम्पीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्याच सामन्यातल्या पहिल्याच शिफ्टला मॅट मार्टिनशी भांडण केलं आणि आठवडाभरात तो न्यूयॉर्कचा लाडका झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्ट्रियलला फोर नेशन्स स्पर्धेतल्या अमेरिका-कॅनडा सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या, आणि त्यांची क्लिप जेवढी फिरली तेवढी त्या स्पर्धेतली क्वचितच कुठली फिरली असेल. बाजार या मालाला अजून भाव देतो. जो माल विकला जातो तो बाजार स्वतःहून बंद करेल, अशी आशा भाबडी आहे.

झळ सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचते. कॅनडाच्या शालेय वयातल्या हॉकीत भांडलं की सामन्याबाहेर. तोच मुलगा सोळाव्या वर्षी ऑन्टारिओच्या किंवा पश्चिमेच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये गेला की शिक्षा पाच मिनिटांवर येते. ऑन्टारिओनं हंगामातल्या तीन मारामाऱ्यांनंतर बंदीची अट घातली आहे, एवढाच आडोसा. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या मराठी घरांतली मुलंही आता रिंकवर दिसतात. त्यांच्या पालकांनी ज्युनियर क्लबचं पत्र आल्यावर शिक्षणाच्या पॅकेजइतकंच बारकाईनं हेही विचारावं: तुमच्या चौथ्या लाईनवर कोण खेळतं, गेल्या हंगामात त्याच्या नावावर किती मेजर (पाच मिनिटांच्या) पेनल्टी आहेत आणि त्याला सरासरी किती मिनिटं मिळाली. तीन उत्तरांत क्लब मुलाला कशासाठी घेतोय ते कळतं. क्युबेकच्या ज्युनियर लीगनं २०२३ मध्ये सरळ मार्ग धरला: भांडण म्हणजे हकालपट्टी, दुसऱ्या भांडणाला एक सामना बंदी, भांडण उकरून काढणाऱ्याला आणि एकतर्फी मारणाऱ्याला पहिल्यापासूनच बंदी.

एनएचएलनं हाच साचा घ्यावा, पण एक भर घालून. बंदीच्या काळातला पगार आज खेळाडू गमावतो. नियम तसाच उचलला तर ज्याचा पटावरचा पाय आधीच डळमळीत आहे, त्यालाच क्लबच्या इशाऱ्याचा दंड भरावा लागेल, आणि क्लब एएचएलमधून दुसरा दांडगा मागवून मोकळा होईल. म्हणून मारामारीच्या बंदीत त्या खेळाडूची जागा भरता येऊ नये. क्लबनं त्या सामन्याला २० ऐवजी १९ उतरवावेत. अकरा फॉरवर्डनी सामना काढायचा म्हणजे पहिल्या लाईनवरच्या महागड्या खेळाडूंना जादा शिफ्ट ओढाव्या लागतात, तिसऱ्या सत्रात पाय जड होतात, गुण जातात. हा खर्च जनरल मॅनेजरला कळतो. तीन-चार सामने असे गेले की एन्फोर्सरचा करार टेबलावरच येणार नाही.

सुरक्षेच्या बाबतीत लीगची आवडती पद्धत म्हणजे जुन्यांना सूट, नव्यांना सक्ती. हेल्मेट १९७९ मध्ये असंच आलं. शेवटचा बिनहेल्मेटचा खेळाडू, क्रेग मॅकटॅविश, १९९७ ला निवृत्त झाला. व्हायझर २०१३ मध्ये असाच आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेफिल्डला स्केटचं पातं मानेला लागून अ‍ॅडम जॉन्सन गेला, तेव्हा गळ्याच्या संरक्षणाची सक्तीही २०२६-२७ पासून नव्या खेळाडूंसाठी याच रीतीनं ठरली. मारामारीला ही रीत लागू पडत नाही. हेल्मेट ज्याच्या त्याच्या डोक्यावर असतं. भांडणाला दोघे लागतात, आणि एकाला हकालपट्टी नि दुसऱ्याला पाच मिनिटं असा नियम पहिल्याच आठवड्यात हास्यास्पद ठरेल. एका हंगामापासून सगळ्यांना एकच नियम, हाच व्यवहार्य मार्ग.

अडचण संघटनेत आहे. खेळाडू संघटनेला विचारा, बहुसंख्य सभासद मारामारी राहू द्या म्हणतात, आणि लीग तेच पुढे करून हात झटकते. पण सातशेच्या वर सभासदांपैकी बहुतेक जण वर्षभरात एकदाही हातमोजे टाकत नाहीत. त्यांना संरक्षणाची हमी मिळते, ठोसे दुसऱ्यानं खायचे असतात. तेव्हा हे बहुमत लाभार्थ्यांचं आहे. सप्टेंबर २०२६ ते २०३० साठीच्या नव्या सामूहिक करारात सामने ८२ वरून ८४ झाले, किमान पगार ८ लाख ५० हजारांवर गेला, गळ्याचं संरक्षण आलं. मारामारीचा नियम मात्र जागचा हलला नाही. खेळाचे नियम बदलायला २०३० ची वाट बघायची गरज नाही. खेळाडू आणि क्लब यांचे प्रतिनिधी असलेली स्पर्धा समिती मधल्या काळातही शिफारस करू शकते, मंजुरी मालकांचं मंडळ देतं. त्या समितीत सहसा वीस मिनिटं खेळणारे बसतात. पाच मिनिटंवाल्यांपैकी निदान एकाला तिथे खुर्ची द्यावी, आणि मत विचारताना त्याच्या क्लबचा जनरल मॅनेजर खोलीत नसावा.